राखणीची मुदत

उजाडण्याच्या सुमारास विशाखा खोबरेकर उठली. मागीलदारी जाऊन तिने पंप सुरू केला, टाकी भरेपर्यंत अबोलीच्या वाफ्याला पाणी घातले आणि आदल्या दिवशी बांधून ठेवलेल्या मुगांना मोड आले आहेत का, ते फडके उकलून पाहिले. आले नव्हते, माघातला गारठा अजून होता. चहाचे आधण ठेवून तिने दुधाची पिशवी कापली. पिशवी आठवड्यापूर्वीची होती आणि फ्रिजमध्ये ठेवलेली नव्हती, तरी दूध चांगले होते. रिकामे, किंचित पिवळसर वेष्टन तिने कुंडीतल्या मातीत बोटाने दाबून टाकले. पाऊस सुरू होईपर्यंत त्याची माती झाली असती. मालवणातल्या कुठल्याही घरात सकाळी हेच चाले आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. ज्या बाईने ते वेष्टन तयार केले होते, तिलाही आता वाटत नसे.

अंघोळ करून ती आरशासमोर उभी राहिली. कुंकवाच्या डबीवर तिचे बोट क्षणभर थबकले. मग तिने रोजच्यासारखे कुंकू लावले. लावू नये असे अजून कोणी सांगितले नव्हते. लावावे असेही कोणी म्हणत नव्हते. शेजारच्या करंगुटकरांची सून आदल्या आठवड्यात हळदीकुंकवाचे बोलावणे करायला निघाली होती. ती फाटकाशी घुटमळली, ‘काकू, बऱ्या आहात ना?’ एवढेच विचारले आणि पुढच्या घरी गेली. विशाखाला तिचा राग आला नाही. त्या मुलीने तरी काय करायचे होते?

डब्यात पोळीभाजी भरून ती निघाली. किनारपट्टी संशोधन केंद्रात जाण्याआधी ती रोज वाट वाकडी करून कुंभारमाठाच्या रस्त्यावरच्या एका बैठ्या, पांढऱ्या इमारतीत जात असे. आत अगरबत्तीचा वास नव्हता, औषधांचाही नव्हता. तिसऱ्या खोलीचे दार लोटून ती म्हणाली, ‘राजन, मी आले.’

राजन खोबरेकर, तिचा नवरा, दिवाळीनंतरच्या महिन्यात हृदयविकाराने गेला होता. त्याला अजून अग्नी दिलेला नव्हता.

तो ओट्यावर निजला होता. डोक्यापासून पायांपर्यंत काचेसारखे नितळ वेष्टन त्याच्या अंगाला लगटून बसले होते. चेहऱ्यावर सूज नव्हती, काळिमा नव्हता. दाढीचे खुंट तो गेला त्या दिवशी होते तेवढेच होते. विशाखाने पर्समधून निळी बत्ती काढली आणि वेष्टनावर धरली. जिथे जस्ताचे कण शिल्लक होते तिथे हिरवट चमक उमटली. छातीवर ती दाट होती. बोटांच्या पेरांवर आणि कानांच्या पाळ्यांवर मात्र विरळ झाली होती, जुन्या चादरीचे काठ आधी विरतात तशी. आठवडाभरात दुसरा थर द्यावा लागणार, हे तिने ओळखले. तिने बत्ती मिटली आणि स्टुलावर बसून त्याला कालच्या गोष्टी सांगितल्या.

*

या वेष्टनाला राखण हे नाव केंद्रातल्या कोणीतरी सहज ठेवले होते. गावाची राखण करणाऱ्या देवावर इथल्या माणसांची श्रद्धा असते, म्हणून ते चालून गेले.

मूळ प्रश्न मासळीचा होता. कोळंबी सोलण्याच्या शेडबाहेर सालींचे ढीग कुजत पडत आणि त्याच शेडमधली सोललेली कोळंबी नासू नये म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवावी लागे. विशाखाने त्या ढिगातच उत्तर शोधले. कोळंबीच्या सालीत कायटिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्यावर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते. हे बहुवारिक असते, म्हणजे एकाच घटकाच्या असंख्य कड्या जोडून झालेली लांब साखळी. तिच्या कड्यांवर, थोड्याशा आम्ल ओलाव्यात, धन विद्युतभार असतो. जीवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण भार असतो. दोघे एकमेकांकडे ओढले जातात आणि त्या ओढीत जीवाणूचे आवरण फाटते. विषाने मारण्यापेक्षा ही रीत वेगळी आहे. इथे जीवाणू स्वतःहून येऊन चिकटतो आणि संपतो.

नुसते कायटोसान मात्र ठिसूळ असते आणि पाणी पिऊन फुगते. म्हणून तिने त्यात उसाच्या मळीपासून बनवलेले दुसरे बहुवारिक मिसळले, काथ्यापासून काढलेले अतिसूक्ष्म तंतू घातले आणि त्या तंतूंवर जस्ताच्या संयुगाचे कण बसवले. हे संमिश्र कागदाइतके स्वस्त पडले. ते बुरशी रोखत असे, मातीत गेले की जिरून जाई आणि जाळले तर कापसासारखे जळे. दोन वर्षांत किनाऱ्यावरची मासळी प्लास्टिकविना परदेशी जाऊ लागली.

मग एक मोठे वादळ आले. वीज गेली, शवागारे बंद पडली आणि बुडालेल्या खलाशांची ओळख पटवायला नातेवाईक यायचे होते. विशाखाने केंद्रातले सगळे वेष्टन काढून दिले. वरून गुंडाळणे पुरेसे नव्हते, कारण देह आतून, आतड्यांपासून विरू लागतो. पेशींतली, पेशींनाच पचवणारी विकरेही काम करतच असतात. म्हणून तिने राखणीचे पातळ रूप तयार केले. ते नसांतून आत गेले की साकळून जेलीसारखे होई आणि विकरांनाही जखडून ठेवी. त्या दिवसांत एका म्हाताऱ्या आईने आपल्या मुलाचा चेहरा ओळखला आणि विशाखाचे हात धरले. आयुष्यात आपण एक काम नक्की चांगले केले, असे विशाखाला तेव्हा वाटले होते. ते खरेही होते.

पुढे ज्यांची माणसे वादळात गेली नव्हती, तेही विचारू लागले. मुलगी दुबईहून निघाली आहे, एक दिवस थांबवाल का? थांबवणे योग्यच होते. एका दिवसाचे चार झाले. चारांचा आठवडा झाला. तालुक्यातालुक्यात पांढऱ्या बैठ्या इमारती उभ्या राहिल्या. तिरडी स्मशानात नेताना वाटेत एकदा खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, त्याला विसावा म्हणतात. तेच नाव या इमारतींना पडले: विसावागृह. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांखाली ‘अंत्यविधी मुलांच्या सोयीनुसार’ अशी ओळ येऊ लागली. कोणी परीक्षा संपेपर्यंत थांबले, कोणी घराचा ताबा मिळेपर्यंत. पूर्वी मरणाचा निरोप येई आणि माणूस हातातला घास टाकून उठे. आता मरणाचे आमंत्रण येऊ लागले आणि आमंत्रणाला सवड पाहून जायचे असते.

विशाखाला हे दिसत होते. पण ती दुसऱ्यांची घरे होती.

*

त्या संध्याकाळी ती कामावरून परतली तेव्हा शैलावन्सं ओटीवर बसल्या होत्या. राजनची ही थोरली बहीण दांडीला राहत असे. सत्तरी उलटलेली, काटक, बोलायला फटकळ.

‘या, वन्सं. चहा टाकते.’

‘चहा नको. माका एकदा काय ता सांग,’ त्या म्हणाल्या, ‘मी मासे खाव की नको?’

विशाखा दारातच थांबली. ‘म्हणजे?’

‘राजू गेलो तेव्हापासून मी वशाट तोंडाक लावूक नाय. सुतकात खातत काय? पण भटजीक विचारलंय, तर तो म्हणता, सुतक अग्नी दिल्यावर मोजूचा. म्हटलंय, अग्नी कधी? तर म्हणे, पोरग्याची सवड झाली की. म्हणजे माझा सुतक सुरू झाला की नाय झाला?’

‘वन्सं, तुम्ही खा हो. कोणी काही म्हणणार नाही.’

‘लोकांचा माका सांगा नको. घशाखाली उतराक होया ना!’ त्यांनी पदर सावरला. ‘सून कालवां घेऊन इली. इतको बरो वास येय होतो. ताटावर बसलंय आणि डोळ्यासमोर ह्यो, तुझ्या त्या कागदात गुंडाळलेलो. उठान हात धुतलंय.’

विशाखाला हसू आले आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. ‘तन्मय येणारच आहे,’ ती म्हणाली. ‘त्याच्या तिथं राहण्याच्या परवानगीचं काम अडकलंय. ते झालं की निघेल.’

‘येवंदे. मी येव नको म्हणतंय काय? भाचरो माझो.’ राजन एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होता. सकाळच्या पहिल्या गाडीपासून कोल्हापूर, सावंतवाडी, देवगडच्या गाड्या त्याने जन्मभर भोंग्यावरून पुकारल्या होत्या आणि वेळेवर सोडल्या होत्या. त्याच आठवणीने असेल, शैलावन्सं एकदम म्हणाल्या, ‘आयुष्यभर लोकांच्यो गाड्यो सोडल्यान. आणि ह्याचीच गाडी तू डेपोत लावन ठेवलंस.’

‘वन्सं!’

‘मगे काय तर. नाव काय ठेवलास त्या घराचा? विसावो. विसाव्यार कोण ऱ्हवता गो? खांदो बदललो की उठाचा.’

त्या उठल्या. जाताना फाटकाजवळ वळून म्हणाल्या, ‘माका रडाक पण येणा नाय. गेलो म्हणान रडाचा, तर तो थंय निजलेलो. कोणासाठी रडाचा?’

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तन्मयचा फोन आला. तो नॉर्वेत, बर्गनला, माशांच्या शेतीच्या एका कंपनीत होता. पाच वर्षांपूर्वी तो शेवटचा आला होता. त्यानंतर दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ असे ठरत गेले. त्यात खोटे काही नव्हते. तो मनापासून म्हणे आणि मनापासूनच राहून जाई.

‘आई, परवानगीचं पत्र आलं! झालं एकदाचं.’

‘अरे वा! मग निघतोस?’

‘ऐक ना. मी आणि हन्नानं विचार केला. आत्ता आलो तर एकटाच येणार, तेही तीन दिवस, धावतपळत. त्यापेक्षा ईस्टरला नोराची शाळा बंद असते. तिघंही येतो. चांगले पंधरा दिवस राहतो.’

‘तिघंही?’ विशाखाचा आवाज तिच्याही नकळत चढला. नोराला, आपल्या नातीला, तिने फक्त पडद्यावर पाहिले होते.

‘तिघंही. आणि तिकडे तशी घाई नाही ना? दुसरा थर देता येतो म्हणाली होतीस.’

‘येतो देता.’

‘मग झालं तर.’ थोड्या खालच्या आवाजात त्याने विचारले, ‘बाबा ठीक आहेत ना?’

‘ठीक आहेत,’ विशाखा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला काही वावगे वाटले नाही. तिने तन्मयची खोली उघडली, गादी उन्हात टाकली, खिडकीच्या जाळीवरची धूळ झाडली. दोन माणसांना पुरणाऱ्या मच्छरदाणीत तीन मावतील का, याचा हिशेब करता करता ती गुणगुणू लागली. मग पिशवी घेऊन बाजारात गेली. कापडाच्या दुकानात तिने नोरासाठी परकर-पोलके काढायला सांगितले. मापाबद्दल तिची खात्री नव्हती, म्हणून दुकानातल्या मुलीने हाताने उंची दाखवत विचारले, ‘एवढी असेल?’

‘एवढी असेल. जरा मोठंच द्या.’

‘नात येतेय वाटतं, काकू? मजा आहे तुमची. काय निमित्त?’

हिरव्या काठांचा तो एवढासा परकर हातात धरून विशाखा उभी राहिली. निमित्त काय होते ते तिला ठाऊक होते. ते कुंभारमाठाच्या रस्त्यावर तिसऱ्या खोलीत निजले होते आणि त्याचे कान विरळ झाले होते.

‘नंतर येते,’ असे म्हणून तिने परकर खाली ठेवला.

ती बंदराकडे चालत गेली आणि धक्क्याच्या कठड्यावर बसली. उन्हे कलली होती, होड्या लागत होत्या. ‘बाबा ठीक आहेत ना?’ या प्रश्नाने ती आता दचकली. आजारी माणसाची विचारपूस करावी तसे मुलाने विचारले होते आणि तिनेही तसेच उत्तर दिले होते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. राजन खरेच ठीक होता. हीच गोष्ट भयंकर होती.

दोन महिने ती स्वतःला सांगत आली होती की आपण मुलासाठी थांबलो आहोत. वडिलांचे शेवटचे दर्शन त्याला व्हावे, एवढेच. पण आज त्याने येण्याचे लांबवले तेव्हा तिला दुःख झाले नव्हते, आनंद झाला होता. राजन जोवर त्या ओट्यावर होता तोवर तन्मयला येणे भाग होते. राजनला एकदा निरोप दिला की मग तन्मय कशासाठी येईल? केवळ आईला भेटायला तो पाच वर्षांत आला नव्हता. हे वाक्य तिने मनातल्या मनातही कधी पुरे होऊ दिले नव्हते. आता ते पुरे झाले. नवऱ्याचा देह तिने मुलाला ओढून आणायच्या दोरीसारखा धरून ठेवला होता.

तिला भिलवडीचे तिचे माहेर आठवले. ती पुण्याला शिकत होती तेव्हा वडील गेले. एसटीचा संप होता. ती दुधाच्या टँकरमधून साताऱ्यापर्यंत आली, तिथून पुढे एका लग्नाच्या ट्रकमधून, शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवर. फाट्यापासून ती धावत सुटली. ढेकळांत चपला राहिल्या त्या तिने उचलल्या नाहीत. कृष्णेच्या काठावर पोहोचली तेव्हा चिता पेटून बराच वेळ झाला होता. वडिलांचे तोंड तिला दिसले नाही. (त्या संपात राजनही होता, हे लग्नानंतर कळले. ‘मला काय माहीत, तू गाडीची वाट बघत असशील,’ असे तो कितीदा तरी ओशाळून म्हणाला होता.) पण आश्चर्य असे, की त्या न दिसलेल्या चेहऱ्याची खंत तिला फार दिवस राहिली नाही. राहिले ते धावणे. छातीत भरलेली कळ, पायाला टोचणारे धसकट, आणि आपण वडिलांसाठी जितके धावता येईल तितके धावलो, ही खात्री. बापासाठी मूल शेवटचे असे काहीतरी करते, तिने ते केले होते.

तन्मयला ते करता येणार नव्हते. तो निष्ठुर नव्हता. त्याने धावावे अशी वेळच त्याच्यावर आली नव्हती. ती वेळ त्याच्या आईने एका पातळ, पारदर्शक थराने काढून घेतली होती. आणि फक्त त्याचीच नव्हे.

ती उठून धक्क्यामागच्या गल्लीत गेली. मासळीला आता बर्फ लागत नसे, पण तिथला एक जुना कारखाना सरबतवाल्यांसाठी अजून चालू होता.

‘उद्या सकाळी चार लाद्या हव्यात,’ ती म्हणाली. ‘भुशासकट. घरी पोचवा.’

‘लग्न हा काय?’ माणसाने विचारले.

‘नाही,’ विशाखा म्हणाली. ‘माझे यजमान गेले.’

दोन महिन्यांत हे तिने पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले होते.

*

राखण उतरवायचे द्रावण केंद्रातच बनत असे. मातीतल्या एका जीवाणूकडे कायटोसानच्या साखळीच्या कड्या अचूक कापणारे विकर असते. तेच पाण्यात उतरवले की झाले. लोक त्याला सोडवण म्हणत. विशाखाने सकाळी दोन बाटल्या घेतल्या. तन्मयला तिने फोन केला नाही. आधी केला असता तर तो ‘थांब’ म्हणाला असता आणि ती थांबली असती. स्वतःची एवढी ओळख तिला होती.

विसावागृहातल्या सेविकेला तिने बाहेर थांबायला सांगितले. एक बाटली नळीला जोडून तिने द्रावण नसेतून आत सोडले. मग कोमट पाण्यात फडके बुडवून दुसऱ्या बाटलीतले द्रावण ती कपाळापासून लावू लागली. आधी काही झाले नाही. मग गालावरचे वेष्टन दुधाळ झाले, सुरकुतले आणि तांदळाच्या पेजेसारखे ओघळू लागले. तिने गळा पुसला, खांदे पुसले, एकेक बोट पुसले. किती तरी दिवसांनी तिच्या हाताला काचेऐवजी कातडी लागली. ती थंड होती आणि मऊ होती. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हाच तिला कळले की इतके दिवस ती इथे येऊन बोलत होती, पण रडली नव्हती. सेविका दाराबाहेर तिच्या रडण्याचा आवाज ऐकून पुढे आली आणि आत न येता परत गेली.

दुपारी राजनला घरी आणून ओटीवर बर्फाच्या लाद्यांवर निजवल्यावर तिने बर्गनला फोन लावला.

‘तन्मय, बाबांना घरी आणलंय. सोडवण लावली.’

‘काय? आई, अगं काल तर आपण बोललो!’

‘हो.’

‘मला विचारायचं तरी!’

‘विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी ऐकलं असतं. बर्फ परवा सकाळपर्यंत टिकेल. आणखी आणणार नाही. परवा सकाळी नेणार.’

‘परवा? इथून निघून तिथे... आई, मी नाही पोचलो तर?’

‘नाही पोचलास तर नाही पोचलास. माझे बाबा गेले तेव्हा मीही नव्हते पोचले.’

‘मग मी येऊन काय उपयोग?’ त्याचा आवाज फुटला. तो लहान मुलासारखा रडत होता. ‘सांग ना!’

विशाखाच्या ओठांवर कितीतरी वाक्ये आली. माझ्यासाठी ये. ईस्टरलाही ये. गादी उन्हात घातली आहे. त्यातले एकही तिने बोलून दाखवले नाही.

‘ते मला नाही सांगता यायचं, बाळा,’ ती म्हणाली. ‘निघ किंवा निघू नकोस. मी थांबणार नाही, एवढंच सांगायला फोन केला.’

शैलावन्सं दुपारीच आल्या. ओटीच्या पायरीवरूनच त्यांनी भावाचे उघडे तोंड पाहिले आणि ‘माझ्या राजू!’ म्हणून हंबरडा फोडला, तो अख्ख्या वाडीत ऐकू गेला. प्रेत घरात असेपर्यंत शेजारी चूल पेटवायची नाही, ही रीत लोक विसरत चालले होते. त्या दिवशी करंगुटकरांच्या सुनेने कोणी न सांगता गॅस बंद केला; मुलांना केळी आणि बिस्किटे देऊन ती विशाखाजवळ येऊन बसली. आता काय बोलायचे, हे तिला माहीत होते. डेपोतले जुने चालक-वाहक आले. कामाची पाळी सोडून, चहा अर्धा टाकून आले. ईस्टरला बोलावले असते तर यांतले किती आले असते?

तन्मयचा निरोप संध्याकाळी आला: विमानात बसतो आहे. मग दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅमहून एक ओळ, पहाटे मुंबईहून एक. ती प्रत्येक ओळ वाची आणि फोन पालथा ठेवी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवरून पाणी अंगणात उतरत होते. भुसा तेवढा शिल्लक होता. उदबत्त्यांच्या धुरातूनही एक वास येऊ लागला होता. सगळ्यांना तो येत होता आणि कोणी तसे म्हणत नव्हते. भटजींचे आटोपले, तिरडी बांधून झाली, चौघे वाकले, तेवढ्यात फोन वाजला. गोव्यात, मोप्याला विमान उशिरा उतरले होते. तन्मय गाडीत होता. त्याने आत्ताच कुडाळ सोडले होते.

‘तासाभरात येतो म्हणतोय,’ विशाखाने सांगितले.

चौघे पुन्हा सरळ उभे राहिले. शैलावन्सं तिच्या दंडाला धरून म्हणाल्या, ‘पोरगो येता हा. वायच थांब गो. दोन म्हयने थांबलंस, आता एका तासान काय होता?’

विशाखाने राजनच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो आता खरोखर गेलेल्या माणसाचा चेहरा होता. एक तास म्हणजे काहीच नव्हे, हे तिलाही पटत होते. दोन महिनेही असेच झाले होते, एकेका तासाने. आणि कुडाळहून येणाऱ्या त्या रस्त्यावर तिचा मुलगा या क्षणी ड्रायव्हरला जोरात चालवायला सांगत असेल, वाटेतल्या प्रत्येक गाडीला शिव्या देत असेल, खिडकीतून पुढे झुकलेला असेल. ते त्याचे होते. त्यातले एक मिनिटही तिला कमी करायचे नव्हते.

‘उचला,’ ती म्हणाली.

कोणी तरी पहिला घोष केला. चौघांनी खांदा दिला आणि माणसे फाटकातून बाहेर पडली. विशाखाने मागीलदारी जाऊन बादली भरली, ती आणून उंबऱ्याशी ठेवली, बाजूला तांब्या आणि धुतलेला पंचा ठेवला. करंगुटकरांच्या सुनेला तिने सांगितले, ‘तन्मय आला तर म्हणावं, समुद्राकडच्या स्मशानात. रस्ता त्याला माहीत आहे.’ मग दार उघडेच ठेवून, शैलावन्संचा हात धरून, ती पुरुषांच्या मागोमाग चालू लागली.